ब्रह्मचाऱ्यांचं राज्य

मालबोर्कच्या किल्ल्यात शिरल्यावर मला पहिली आठवण झाली ती आमच्या कोल्हापूरच्या जुन्या घरातल्या बंबाची. एका प्रशस्त दालनात फरशीला ओळीनं गोल भोकं होती, त्यांच्यावर झाकणं. खाली तळघरात भट्टी, भट्टीवर रचलेले दगडगोटे. लाकडं पेटवून दगड चांगले तापवायचे, धूर निघून गेला की वरची झाकणं उघडायची आणि दगडांची कोरडी, निर्धूर ऊब दालनात सोडायची. सहाशे वर्षांपूर्वीची ही सोय. माझ्या विहीणबाई त्यातल्या एका झाकणावर पाय ठेवून उभ्या राहिल्या आणि खांदे आखडून म्हणाल्या, "झिम्नो."

झिम्नो म्हणजे थंड. मला पोलिश येत नाही, त्यांना इंग्रजी येत नाही, मराठी तर नाहीच नाही. पण बत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेल्या बाईला या शब्दाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. तो आपला 'हिम' आहे, दुसऱ्या कपड्यांत.

लेकीच्या बाळंतपणासाठी मी ग्दान्स्कला आले होते. बाळ सहा आठवड्यांचं झालं होतं, आणि एका घरात दोन आज्या झाल्या की काय होतं ते मी सांगायला नको. मी म्हणे टाळूला तेल हवं, त्या म्हणत खिडकी उघडी हवी. एका सकाळी लेकीनं आमच्या दोघींच्या हातात आगगाडीची तिकिटं ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "दोघी जरा किल्ला बघून या. संध्याकाळपर्यंत या." गाडीनं तासाभराच्या आतच मालबोर्क येतं. विहीणबाईंचं ते माहेर.

जावई पोलिश मिळाला तेव्हा आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या काकांनी फारसं आश्चर्य दाखवलं नव्हतं. "अरे, वळिवड्याचेच की!" एवढंच म्हणाले. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, पाचेक हजार माणसांची. बहुतेक बाया आणि मुलं. त्यामुळे कोल्हापुरात पोलंड हा देश नकाशावर कुठे आहे हे माहीत नसलेल्यांनाही पोलंडवाले माहीत. जावई वळिवड्याचा नव्हे, हे मी काकांना समजावत बसले नाही.

आपल्याला किल्ला म्हटलं की कातळ आठवतो. चढण, दम लागणं, पाण्याचं टाकं, वर गेल्यावर वारा. इथं सगळं सपाट. नोगात नावाची संथ नदी, आणि तिच्या काठावर विटांचा एक डोंगर. लाल, लाखो लाखो विटांचा. या मुलखात दगड नाही, म्हणून माती भाजली आणि तिचाच डोंगर केला. क्षेत्रफळाच्या हिशेबानं हा जगातला सर्वांत मोठा किल्ला मानतात. आणि तो कुठल्या राजानं बांधलेला नाही. तो मठ आहे.

हे मला पचायला वेळ लागला. आपल्याकडेही शस्त्रं बाळगणारे आखाडे होते, गोसाव्यांच्या फौजा होत्या. पण जकात घेणारा, नाणी पाडणारा, शहरं वसवणारा, परराष्ट्रांशी तह करणारा आणि दोनशे-तीनशे वर्षं एक अख्खं राज्य चालवणारा मठ? ट्युटॉनिक ऑर्डर त्याचं नाव. पोलिश लोक त्यांना 'क्शिझात्सी' म्हणतात, म्हणजे क्रूसवाले. पांढरा झगा आणि त्यावर काळा क्रूस. विहीणबाईंनी तो शब्द उच्चारला तेव्हा त्यांचं नाक किंचित मुरडलं.

सुरुवात मात्र दवाखान्यापासून झाली. 1190 मध्ये क्रूसेडवाल्यांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला निघालेल्यांनी, पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या आक्र या बंदराला वेढा घातला होता. तिथं ल्युबेक आणि ब्रेमेनच्या व्यापाऱ्यांनी आपल्या जहाजाचं शीड उतरवून त्याचा तंबू केला आणि आजारी, जखमी जर्मनांसाठी रुग्णालय थाटलं. आठ वर्षांत, 1198 मध्ये, त्या रुग्णालयाची लढाऊ संघटना झाली. औषधाच्या पिशवीशेजारी तलवार आली आणि मग पिशवी हळूहळू बाजूला सरकली. शपथा तीन: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. झोपताना अंगावर कपडे हवेत, शयनगृहात रात्रभर दिवा हवा, आणि बायकांचा मुका घ्यायचा नाही. आईचा किंवा बहिणीचासुद्धा नाही. किल्ल्यात फिरताना माझ्या डोक्यात लढायांपेक्षा ही आईची गोष्टच जास्त घोळत होती.

पवित्र भूमीत जागा कमी आणि दावेदार फार. मग या मंडळींनी दुसरी जागा शोधायला सुरुवात केली. 1211 मध्ये हंगेरीच्या राजाला, दुसऱ्या अँड्र्यूला, पूर्वेच्या सरहद्दीवर राखणदार हवे होते. त्यानं यांना ट्रान्सिल्व्हेनियात जमीन दिली. यांनी किल्ले बांधले आणि ती जमीन परस्पर पोपच्या पायाशी वाहून स्वतंत्र व्हायचा घाट घातला. भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी. राजा जागा होता. 1225 मध्ये त्यानं फौज नेऊन सगळ्यांना हाकलून दिलं.

आता गंमत बघा. हंगेरीतून हकालपट्टी झाल्याला वर्षही उलटलं नव्हतं, तोच पोलंडमधल्या माझोव्हियाच्या कोन्राद नावाच्या सरदारानं त्यांनाच आमंत्रण धाडलं. त्याला उत्तरेकडच्या प्रशियन लोकांचा उपद्रव होता. पुढच्याला ठेच लागल्यावर मागच्यानं शहाणं व्हावं असा नियम आहे, पण कोन्रादच्या डोळ्यांपुढे स्वतःची जळणारी गावं होती. त्यानं विस्तुलाकाठचा खेव्म्नोचा मुलूख देऊ केला.

ऑर्डरचा ग्रँडमास्टर, म्हणजे प्रमुख, तेव्हा हेर्मान फॉन साल्झा होता. हा माणूस मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत हुशार वाटतो, आणि हुशारी तलवारीची नव्हे, कागदाची. सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि पोप यांचं आपसात विळ्याभोपळ्याचं नातं, आणि हा दोघांच्याही विश्वासातला. हंगेरीत कागद कच्चे होते म्हणून हात हलवत परतावं लागलं, ही खूणगाठ त्यानं बांधली होती. या खेपेला आधी सम्राटाकडून सनद घेतली. तिच्यावर तारीख 1226 ची आहे, पण ती प्रत्यक्षात काही वर्षांनंतरची असावी असं बरेच अभ्यासक म्हणतात. 1234 मध्ये पोपकडून दुसरी सनद. जो प्रदेश अजून जिंकलाच नव्हता, जिथं दुसरीच माणसं शेती करत होती, मधमाश्या पाळत होती, तो या दोन कागदांवर आधीच यांचा झालेला होता.

1231 मध्ये त्यांनी विस्तुला ओलांडली. 1283 पर्यंत प्रशिया त्यांच्या हातात आला. मधल्या पन्नास वर्षांचा तपशील मी देत नाही. तो एकसुरी आहे. गढी बांधायची, भोवतालची गावं जाळायची किंवा बाप्तिस्मा द्यायचा, पुढची गढी बांधायची. एकच माणूस त्यात लक्षात राहतो, हेर्कुस मोन्ते. प्रशियन नातांगी टोळीतला हा मुलगा लहानपणी ओलीस म्हणून जर्मनीत गेला, माग्देबुर्गला शिकला, ख्रिस्ती झाला आणि परत येऊन 1260 च्या मोठ्या उठावाचा म्होरक्या झाला. ज्यांच्याकडे शिकला त्यांचीच युद्धकला त्यांच्यावर उलटवली. बारा-तेरा वर्षं त्यानं ऑर्डरला जेरीला आणलं. शेवटी पकडला गेला आणि मारला गेला.

आता हे प्रशियन म्हणजे कोण? मी शाळेत असताना प्रशिया म्हटलं की बिस्मार्क, टोकाचं शिरस्त्राण, जर्मन शिस्त असं चित्र होतं. मूळ प्रशियन जर्मन नव्हतेच. ते लिथुआनियन आणि लाटव्हियन लोकांचे भाऊबंद, बाल्टिक भाषा बोलणारे. जिंकणाऱ्यांनी जमीन घेतली, दैवतं घेतली, भाषा संपू दिली आणि शेवटी त्यांचं नाव स्वतःला लावून घेतलं. पुढे ज्या प्रशियाला युरोप घाबरला, त्याच्या पाटीवरचं नाव असं दुसऱ्याचं होतं.

बाळ रात्री जागं असायचं आणि मीही. एकीकडे मांडीवर नातू, दुसरीकडे जावयाचा संगणक. अशा रात्रींत मला प्रशियन शब्दांची ती यादी सापडली. एल्ब्लाँग हे मालबोर्कपासून जवळच असलेलं शहर, तिथं ती मिळाली होती. साधारण 1400 च्या सुमाराची नक्कल, एका बाजूला जर्मन शब्द, समोर प्रशियन, एकूण 802. मूळ हस्तलिखित दुसऱ्या महायुद्धात हरवलं. शब्द अकारविल्हे नाहीत, विषयवार आहेत. आधी स्वर्ग, मग आकाश, पृथ्वी, पाणी, माणसाचे अवयव, घर, नांगर, गाडी, प्राणी, पक्षी. म्हणजे थेट आपल्या अमरकोशाची मांडणी, तोही स्वर्गवर्गापासूनच सुरू होतो. आणि यादीतला पहिला शब्द 'देयविस'. समोर जर्मनमध्ये लिहिलंय: देव.

मी नातवाला खांद्यावर घेतलं आणि वाचत सुटले. दात: दांतिस. नदी: आपे, आपलं आप. नंतरच्या एका छापील पुस्तकात पुरुषाला 'वीर्स', 'मी आहे' याला 'अस्माइ'. विधवेला 'विद्देवू'. आणि रंगांत, काळ्या रंगासमोर: 'किर्स्नन'.

किर्स्नन. कृष्ण. बाल्टिक समुद्राच्या काठी, जिथं हिवाळ्यात साडेतीनला अंधार पडतो, तिथं अंधाराच्या रंगाला लोक कृष्ण म्हणत होते, आणि पांढऱ्या झग्यावर काळा क्रूस घातलेली माणसं घोड्यावरून आली तेव्हा त्यांनी त्या क्रूसाच्या रंगालाही हाच शब्द वापरला असणार. बत्तीस वर्षं 'कृष्ण' शब्द चालवणाऱ्या माझ्या अंगावर काटा आला. नातू झोपला होता. त्याला सांगितलं तरी चाललं असतं.

किल्ल्यात अंबरची, म्हणजे पिवळ्या अश्मीभूत राळेची, वेगळी दालनं आहेत. विहीणबाई तिथं खूप वेळ रमल्या. माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे. समुद्राच्या लाटांबरोबर किनाऱ्यावर येणारा हा दगड, कुणीही वाकून उचलावा असा. ऑर्डरनं त्यावर मक्तेदारी घातली. किनाऱ्यावरच्या कोळ्यानं सापडलेला तुकडा आणून द्यायचा आणि बदल्यात मीठ वगैरे घेऊन जायचं; स्वतःजवळ ठेवला तर फास. तो माल ल्युबेक आणि ब्रूजच्या कारागिरांकडे जाई, आणि ते त्याचे काय करत? जपमाळा. युरोपभरचे भाविक त्या माळांवर प्रार्थना मोजत. दारिद्र्याची शपथ घेतलेल्या मठाचा हा किफायतशीर धंदा होता. धान्याचा व्यापार तर त्याहून मोठा; ऑर्डरचे स्वतःचे व्यापारी अधिकारी होते, गोदामं होती, परदेशात अडत्ये होते. खजिनदाराची 1399 ते 1409 ची रोजकीर्द टिकून आहे. कुणाला किती दिलं, निरोप्याला काय, फिरत्या वादकाला काय, सगळं लिहिलेलं. हिशेब इतका चोख की आमच्या जुन्या पेढीवरच्या मुनिमानं मान डोलावली असती.

1291 मध्ये आक्र पडलं. ऑर्डरचं मुख्यालय आधी व्हेनिसला गेलं. 1307 मध्ये फ्रान्सच्या राजानं टेम्पलर या भावकीतल्या दुसऱ्या संघटनेला एका रात्रीत तुरुंगात घातलं, तेव्हा यांच्या लक्षात आलं की आपलं स्वतःचं घर असलेलं बरं. 1308 मध्ये त्यांनी ग्दान्स्क घेतलं, तेही मदतीला बोलावलेले असताना आणि शहरात कत्तल करून. 1309 मध्ये ग्रँडमास्टर या नोगातच्या काठी राहायला आला. तेव्हा या गावाचं नाव मारिएनबुर्ग होतं, मेरीचा गड.

पुढची शंभर वर्षं वैभवाची. शेजारचा लिथुआनिया अजून ख्रिस्ती नव्हता, त्यामुळे धर्मयुद्ध चालू ठेवायला सबब होती. आणि ही सबब त्यांनी काय सुरेख विकली! हिवाळ्यात दलदल गोठली की एक स्वारी, उन्हाळ्यात जमीन वाळली की दुसरी. फ्रान्स, इंग्लंड, बोहेमियाचे सरदार पदरचे पैसे खर्चून त्यात भाग घ्यायला येत. पुढे इंग्लंडचा चौथा हेन्री झालेला तरुण 1390 मध्ये येऊन गेला. मेजवान्या, निवडक पाहुण्यांसाठी मानाचं मेज, मग जंगलात शिरून गावं लुटायची, परत येऊन पुन्हा मेजवानी. थंडी फार असली किंवा बर्फ वितळलं तर स्वारी रद्द. आज लोक हिमालयात ट्रेकला जातात तसा थाट, फक्त पलीकडच्या गावात माणसं राहत होती.

याच काळातली एक दंतकथा मला सारखी आठवते. 1351 मध्ये नवा ग्रँडमास्टर गादीवर बसला तेव्हाची म्हणून ती पुढच्या बखरींत येते, आणि त्या बखरींवर फार भरवसा ठेवू नये असं जाणकार म्हणतात. मेजवानीत कवी-गायकांची स्पर्धा लागली. एक म्हातारा प्रशियन शाहीर उभा राहिला आणि आपल्या भाषेत जुन्या राजांची गाणी गायला. कुणालाच काही कळलं नाही. बक्षीस म्हणून त्याच्यापुढे थाळी आली, तिच्यात आत गर नसलेली कवचं भरलेली.

मग 1386. लिथुआनियाच्या योगाइलानं बाप्तिस्मा घेतला, पोलंडच्या राणीशी, याद्विगाशी, लग्न केलं, आणि दोन्ही राज्यं एका घरात आली. पुढच्या वर्षी लिथुआनियाचाही बाप्तिस्मा झाला. आता आली का पंचाईत? ज्यांना ख्रिस्ती करायचं म्हणून हे दुकान उघडलं ते स्वतःहून ख्रिस्ती झाले, तेही शत्रूच्या हातून. ऑर्डरनं साफ सांगितलं की हा बाप्तिस्मा खोटा आहे, आणि स्वाऱ्या चालू ठेवल्या.

15 जुलै 1410 ची ग्रुनवाल्डची लढाई पोलंडमध्ये पोराटोरांना पाठ असते. विहीणबाईंनी हातांनी दोन तलवारी दाखवल्या. ग्रँडमास्टर उलरिख फॉन युंगिंगेननं लढाईआधी योगाइलाला दोन नागव्या तलवारी पाठवल्या होत्या, हवी असतील तर वापरा म्हणून. संध्याकाळपर्यंत उलरिख मेला होता आणि त्याच्याबरोबर ऑर्डरचे दोनशेहून जास्त बंधू. एवढ्यावर राज्य संपायला हवं होतं. पण हाइनरिख फॉन प्लाऊएन नावाचा एक दुय्यम अधिकारी धावत मारिएनबुर्गला पोचला, दरवाजे लावले आणि दोनेक महिन्यांचा वेढा सोसून किल्ला राखला. ग्रँडमास्टरच्या महालात एकाच खांबावर तोललेलं एक दालन आहे. वेढ्यात पोलिश गोलंदाजांनी तोच खांब साधून छत पाडायचा प्रयत्न केला, नेम चुकला, आणि गोळा भिंतीत रुतून बसला, अशी गोष्ट सांगतात. गोळा आजही भिंतीत दिसतो. वाचवणाऱ्या प्लाऊएनला त्याच्याच माणसांनी तीन वर्षांनी पदावरून काढलं. त्याला पुन्हा लढायचं होतं, बाकीच्यांना नको होतं. तहाची खंडणी मात्र बसली: साठ लाख प्राग ग्रोशेन नाणी, चार हप्त्यांत. ती वसूल कुणाकडून करणार? स्वतःच्या शहरांकडून.

लढाईपेक्षा मला तिच्यानंतरचा एक वाद मोठा वाटतो, आणि त्याचं चित्र कुणी काढलेलं मी अजून पाहिलं नाही. कॉन्स्टान्सला 1414 ते 1418 ख्रिस्ती धर्मसभा भरली होती. तिथं क्राकोच्या विद्यापीठाचा एक पंडित, पावेल व्लोद्कोविच, उभा राहिला आणि त्यानं विचारलं: एखादा माणूस ख्रिस्ती नाही, एवढ्याच कारणानं त्याची जमीन घेता येते का? त्याचं उत्तर होतं, नाही. अख्रिस्ती माणसाचंही घर त्याचंच, राज्य त्याचंच. तो शांतपणे राहत असेल तर पोपलाही आणि सम्राटालाही ते हिरावून घ्यायचा अधिकार नाही, आणि तलवारीनं दिलेला धर्म हा धर्मच नव्हे. म्हणजे साल्झानं जमवलेल्या त्या दोन्ही कागदांच्या मुळाशीच त्यानं हात घातला. उलट बाजूनं फाल्केनबेर्ग नावाचा एक धर्मगुरू लिहीत होता की पोलंडचा राजा आणि त्याची प्रजा यांना मारणं हे पुण्यकर्मच आहे. लिथुआनियाच्या समोगिशिया भागातले लोकही फिर्याद घेऊन आले होते, की या बंधूंना आमचे आत्मे कधी नको होते, आमच्या जमिनी हव्या होत्या. सभेनं ठोस निकाल काही दिला नाही. अशा सभा देतही नाहीत. पण 1410 च्या गोळ्यानं चुकलेला खांब व्लोद्कोविचनं बरोबर साधला, असं मी विहीणबाईंना फोनच्या भाषांतरयंत्रातून सांगू पाहिलं. यंत्रानं काय सांगितलं देव जाणे. त्या म्हणाल्या, भूक लागली का?

माझ्या मते हे राज्य मेलं ते ग्रुनवाल्डला नव्हे. ते निपुत्रिक होतं म्हणून मेलं.

बंधू सगळे ब्रह्मचारी, निदान कागदावर. प्रशियातले त्यांचे आकडे कधीच काही शेंच्या पुढे गेले नाहीत. प्रत्येक पिढीला नवे भरती करायचे ते श्वाबिया, फ्रँकोनिया, ऱ्हाइनलँड इथल्या सरदार घराण्यांतल्या धाकट्या मुलांतून. ते येत, राज्य करत, मरत. इथं त्यांचं सासर नाही, आजोळ नाही, सोयरीक नाही. ज्या जर्मन शेतकऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना त्यांनीच आणून वसवलं, त्यांची मुलं इथं जन्मली, श्रीमंत झाली, पण त्यांना मात्र ऑर्डरमध्ये सहसा घेत नसत. म्हणजे राज्यकर्ते कायम परके आणि प्रजा कायम पोरकी. पैसा होता तोवर कुणी बोललं नाही. खंडणीचे कर वाढले तेव्हा 1440 मध्ये सरदार आणि 19 शहरं यांनी मिळून संघ काढला. 1454 मध्ये त्यांनी उठाव केला आणि संरक्षणासाठी कुणाकडे गेले? पोलंडच्या राजाकडे. तोरुन्यच्या नागरिकांनी तर आपल्या शहरातला ऑर्डरचा किल्ला पाडून जमीनदोस्त केला. एकच बुरूज तेवढा शिल्लक ठेवला, शौचकूपाचा. तो आजही उभा आहे.

या शौचकूपाच्या बुरुजाला 'ग्दानिस्को' म्हणतात. मालबोर्कलाही आहे, लांबलचक पुलासारख्या वाटेच्या टोकाला, आणि त्या वाटेकडे बोट दाखवणारा दगडी सैतान भिंतीवर कोरलाय. विहीणबाईंनी तो मला खूण करून दाखवला आणि पहिल्यांदाच खळखळून हसल्या.

तेरा वर्षं युद्ध चाललं. दोन्हीकडे लढत होते ते भाडोत्री सैनिक, बरेचसे बोहेमियाचे. ऑर्डरकडे पगाराला पैसे नव्हते म्हणून ग्रँडमास्टरनं त्यांना लेखी हमी दिली: पगार थकला तर आमचे किल्ले तुमच्याकडे तारण. पगार थकला. मग सैनिकांच्या पुढाऱ्यानं, उलरिख चेर्वोन्कानं, तारण विकायला काढलं. गिऱ्हाईक एकच, पोलंडचा राजा काझिमिएर्झ. सौदा ठरला 1,90,000 सुवर्णनाण्यांना, आणि त्यातला मोठा वाटा उचलला ग्दान्स्कच्या व्यापाऱ्यांनी. जून 1457 मध्ये राजा दरवाजातून घोड्यावरून आत आला. ज्या किल्ल्यानं 1410 चा वेढा सोसला तो शेवटी गहाणखतावर गेला. ग्रँडमास्टर लुडविग फॉन एर्लिखसहाउझेन आपलंच घर सोडून क्योनिग्सबेर्गला पळाला. खाली मारिएनबुर्ग गावाचा महापौर, बार्थोलोमेउस ब्लुमे, पुढे तीन वर्षं ऑर्डरच्याच बाजूनं गाव लढवत राहिला आणि गाव पडल्यावर त्याचा शिरच्छेद झाला. मालक पळाला आणि इमान गावकऱ्यानं राखलं.

1466 च्या तहात पश्चिमेचा अर्धा मुलूख पोलंडकडे गेला. उरलेल्या पूर्वेकडच्या अर्ध्यासाठी ग्रँडमास्टर पोलंडचा मांडलिक. प्रशियातला शेवटचा ग्रँडमास्टर होहेनझोलर्न घराण्यातला आल्ब्रेख्त. हा नात्यानं पोलंडच्या राजाचा, सिगिस्मुंडचा, सख्खा भाचा. मामाशी लढून बघितलं, जमलं नाही. मग मार्टिन ल्यूथरला भेटला, आणि ल्यूथरनं साधा सरळ सल्ला दिला: तो झगा उतरव, लग्न कर, आणि या राज्याचं वंशपरंपरेचं राज्य कर. 10 एप्रिल 1525 रोजी क्राकोच्या बाजारचौकात आल्ब्रेख्त मामापुढे गुडघे टेकून बसला आणि प्रशियाचा ड्यूक म्हणून उठला. पुढच्या वर्षी डेन्मार्कच्या राजकन्येशी लग्न. युरोपातलं पहिलं प्रॉटेस्टंट राज्य असं जन्माला आलं. ब्रह्मचाऱ्यांचं राज्य टिकलं नाही. लग्न केल्याबरोबर टिकलं, नुसतं टिकलं नाही तर 1618 मध्ये सोयरिकीतून ब्रांडेनबुर्गच्या घरात गेलं आणि 1701 मध्ये राजमुकुट घालून बसलं.

आणि याच आल्ब्रेख्तच्या काळात प्रशियन भाषेला पहिल्यांदा छापखाना दिसला. ल्यूथरच्या पंथाचा आग्रह, लोकांना धर्म त्यांच्या भाषेत सांगा. तोवर चर्चमध्ये पाद्री जर्मनमध्ये बोले आणि शेजारी उभा असलेला दुभाषा, ज्याला 'तोल्क' म्हणत, ते प्रशियनमध्ये सांगे. 1545 मध्ये धर्मप्रश्नोत्तरीच्या दोन आवृत्त्या, 1561 मध्ये आणखी एक मोठी. 'अस्माइ' आणि 'विद्देवू' तिथलेच. तीनशे वर्षं उशीर झाला होता. 1709 ते 1711 च्या प्लेगनंतर ती भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. आता काही हौशी लोक पुस्तकांतून ती शिकतात.

किल्ल्याचं पुढे काय झालं ते पटकन सांगते. अठराव्या शतकात प्रशियाच्या राजांनी त्याची बराक केली, कोठार केलं, पाडायचंही घाटत होतं. 1803 मध्ये एका तरुण कवीनं बर्लिनच्या वर्तमानपत्रात तक्रार छापली म्हणून थांबलं. मग जर्मन राष्ट्रवादाला त्याच्यात आपला पूर्वज दिसू लागला आणि कैसरनं इथं पांढऱ्या झग्यांचे सोहळे केले. 1945 मध्ये निम्म्याहून जास्त किल्ला ढासळला. जर्मन गेले, आणि पूर्वेकडून विस्थापित झालेले पोलिश आले. विहीणबाईंची आई अशीच विल्नोहून आली. मिळालेल्या घरात कपाटात दुसऱ्यांच्या बश्या तशाच होत्या, असं त्या सांगतात. विटांच्या ढिगाऱ्यात त्या लहानपणी लपाछपी खेळल्या. 1961 मध्ये संग्रहालय झालं आणि पोलिश गवंड्यांनी ज्यांचं नाव घेताना नाक मुरडायचं त्यांचाच किल्ला वीट वीट लावून पुन्हा उभा केला. ऑर्डरही आहे बरं का, व्हिएन्नाला. आता तलवार नाही. पाद्री आणि सिस्टर, सेवाकार्य.

आम्ही शेवटी कॉफीला बसलो. मला त्यांना एक गोष्ट ऐकवायची होती. प्रशियन भाषेतला सर्वांत जुना मजकूर 1974 मध्ये बासेलच्या ग्रंथालयात सापडला. 1369 च्या सुमाराच्या एका पोथीत शेवटी कुणीतरी, बहुधा कुणा विद्यार्थ्यानं, दोन ओळी खरडल्यात. प्रार्थना नाही, वीरगाथा नाही. मी वहीत देवनागरीत उतरवून आणल्या होत्या, त्या वाचल्या:

"काइले रेकिसे, थोनेआव लाबोनाखे थेवेलिसे, एग कोइते पोइते, निकोइते पेन्नेगा दोइते."

जय हो महाराज, तू काही भला दोस्त नव्हेस, प्यायचं तर आहे पण पैसा द्यायचा नाही, असा काहीसा अर्थ. विहीणबाईंनी पुन्हा वाचायला सांगितलं. 'पोइते'वर त्यांनी कप उचलला, "पिच्?" मी म्हटलं, "पिणे." 'दोइते'वर हात पुढे केला, "दाच्?" "देणे." 'पेन्नेगा' ऐकल्यावर मात्र त्या एकदम म्हणाल्या, "पिएन्योंझे!" म्हणजे पैसे, त्यांचाही शब्द मूळ जर्मनांकडचाच. पिणं आणि देणं आमच्या तिघांच्याही घरचं होतं. पैसा तेवढा झगेवाल्यांच्या भाषेतून आला होता.

मी पर्स उघडेपर्यंत त्या काउंटरपाशी पोचल्या होत्या. मी धावले. त्यांनी माझा हात धरला, मी त्यांचा. पलीकडची मुलगी दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. "निकोइते!" विहीणबाई मला दटावून म्हणाल्या आणि कार्ड टेकवलं.